उतरलेलं पाणी

मालेगाव जहाँगीर,
सोमवार, दुपार

प्रिय वर्षाराणी,

सप्रेम जय भीम. पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे खुशाल आहेत. बाबांचा गुडघा तसाच आहे, आईची कुरकुर तशीच आहे आणि धाकटा राजू अजूनही अंघोळीला अर्धा तास लावतो. एवढं मी शुद्ध मराठीत लिहिलं. आता माहा दम संपला. तू मास्तरीण आहे, चुका दिसतीन तं दिसू दे, लाल पेन हातात घेऊ नको. फोन काहून नाही केला म्हणशील, तं बाई, तुह्या गावाले रेंज कुठी आहे? तू सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, चढून आंब्याखाली उभी राहून फोन लावते, निम्मं बोलणं वारा घेऊन जाते, आन इकडं आई माह्या बाजूले कान देऊन बसते. मंग मी 'जेवली का' आन 'बरं' याच्यापुढं जात नाही. मोटार वाइंडिंगवाला माणूस मी, हात चालते, तोंड चालत नाही.

सध्या दुकानात पाय ठेवाले जागा नाही. सोयाबीन निघून गेलं, तूर उभी आहे, हरभऱ्याले पाणी सुरू झालं आन साऱ्या तालुक्याच्या मोटारी एकदमच जळाले लागल्या. काल सहा आल्या. बाजूचा पंक्चरवाला ग्यानबा आपलं दुकान सोडून माह्या स्टुलावर येऊन बसते आन रोज एकच पुसते, वहिनी कवा येऊन राह्यल्या बदली घेऊन? मी म्हणतो, रिकामा बसला असशील तं तार धर. पन परवा त्यानं पुसलं आन माहे तारेचे वेढे चुकले. अख्खी कॉईल उसवा लागली. बारा वर्षांत माह्या हातून असं झालं नाही. तवाच समजलं, तुले लिहिल्याबगर आता काम होत नाही.

येत्या मार्चले तीन वर्षं होतीन. लग्नाले अकरा महिने झाले होते आन तुही ऑर्डर आली, रत्नागिरी जिल्हा. आईनं नकाशावर बोट ठेवून पाह्यलं आन म्हणे, अवो, इथं तं जमीनच संपते! तुह्या भावानं बसचं तिकीट काढतो म्हटलं, पन मी अडून बसलो. बायकोले नोकरीवर सोडाले जाऊन राह्यलो तं माह्या गाडीवर, आन पाच दिवस आधी निघून, समुद्राच्या काठाकाठानं. मांगं तुही ट्रंक बांधली, मधात तू, टाकीवर ज्वारीच्या पिठाची थैली. मेहकर सुटेपर्यंत दोन्ही बाजूनं पळस पेटला होता आन तू माह्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहून राह्यली होती. काय लिहिलं ते तू आजवर सांगितलं नाही.

बाणकोटच्या वर आपण वळण घेतलं आन एकदम समोर ते निळं आलं. मी गाडी बंद केली. खाली गेल्यावर तू चपला काढल्या, पाण्यापर्यंत चालत गेली, बोट बुडवलं आन चाखलं. मंग माह्याकडं पाहून म्हणे, खरंच खारट आहे हो! पाच वर्षं खाजगी शाळेत पोरांले शिकवलं, समुद्राचं पाणी खारट असते, आज खात्री झाली. एवढं हासू आलं मले. आन पुढं दाभोळच्या फेरीबोटीत माणसं, गाड्या, कोंबड्या, सारेच चढले, तवा मी साऱ्या खाडीभर गाडीचं हँडल धरून उभा होतो, बैलाचं दावं धरल्यासारखा. तू म्हणे, सोडा आता, ते काही पळून जात नाही.

केळशी, आंजर्ले, मंग दाभोळची खाडी. काय ऊन होतं, वर्षा! पन आपल्या इकडच्यासारखं डोक्यात टोचणारं नाही. मैलमैल माणूस नाही. एका बाजूले लाल डोंगर, एका बाजूले पाणी, मधात आपली गाडी. तुहं नाक सोलून निघालं, माहे हात कोपरापर्यंत काळे झाले. भूक लागली का सुरूच्या झाडाखाली बसून भाकर-ठेचा. तीन दिवस मी कोनाची मोटार पाह्यली नाही, कोनाचा आवाज ऐकला नाही, फक्त तुहा. आता सांगतो, त्याच्याआधी अन् त्याच्यानंतर मी कवा एवढा खुश नव्हतो.

आन मंग चौथ्या दिवशी मी अकलेचे दिवे लावले. गुहागरच्या पुढं त्या काकूच्या घरी आपण खोली घेतली, ट्रंक वर ठेवली आन गाडी घेऊन वाळूत उतरलो. पाणी बम दूर गेलं होतं. ओली वाळू डांबरी सडकेवानी टणक. मी गाडी पार त्या काळ्या खडकापाशी नेली, सावलीत लावली. वरून जाळं विणणाऱ्या काकांनी आवाज दिला, अहो, गाडी वर घ्या, पाणी येईल. तू म्हटलं, ऐका त्यायचं. पन मी कोन? माहं लहानपण रिसोडकडं मामाच्या गावी, पैनगंगेच्या काठी गेलेलं. पूर उतरला का उतरला, मंग तो आठ दिवस फिरून पाह्यत नाही. मी छाती काढून म्हटलं, मले पाणी शिकवू नको. उतरलेलं पाणी परत येत नाही.

जेवण झालं, डोळा लागला. तुह्या हासण्यानं जाग आली. पाह्यतो तं गाडीचं फक्त हँडल आन आरसे वर! तू पोट धरून म्हणे, आलं ना परत, पाहा तुमचं पाणी! मी चपलीसकट पळालो. काकांनी दोर आणला, चौघं जमले, तवा कुठी ते धूड बाहेर निघालं, सायलेन्सरमधून धार लागलेली. मी त्या समुद्रावर वरडलो, लाजलज्जा नाही का याले, गेलेलं पाणी परत येते कुठी? सारे हासले. तूही हासली. मले ते लागलं. जेवताना मी तुह्याशी बोललो नाही, आठवते? त्या रुसव्यात आपली एक संध्याकाळ गेली. ती मले अजून परत पायजे.

आता लिहितो ते तुले माहीत नाही. रविवारी मी काकूच्या ओट्यावर सारं इंजिन खोललं. गोड्या पाण्यानं धुतलं, कार्ब्युरेटर साफ केला, कॉईल उन्हात वाळवली. सोमवारी तुले हजर व्हायचं होतं. तू काकूसंग विहिरीवर गेली होती, पाच वाजले असतीन. मी किक मारली. गाडी सुरू झाली, वर्षा. पहिल्या किकले. मी एक मिनिट ऐकत बसलो, मंग बंद केली, प्लग काढला आन खिशात घातला. तू आली तवा सांगितलं, कॉईल जळली, दोन दिवस लागतीन, तू सकाळच्या एसटीनं पुढं हो, मी मांगून येतो.

तू ट्रंक घेऊन एकटी एसटीत बसली. मांगच्या काचेतून पाह्यत राह्यली, मी हात हालवला, माह्या दुसऱ्या हातात खिशातला प्लग होता. मंग गाडी जोडली, तुले कळवलं का गाडी धड होत नाही, आन सरळ मालेगावले निघून आलो. तुही शाळा तिथून फक्त पस्तीस किलोमीटर. मी घाबरलो होतो. वाटलं, त्या दारात तुले सोडलं तं माह्याच्यानं मांगं फिरणं होणार नाही. एक तं तुले परत घेऊन येईन, नाही तं तिथंच राहून जाईन. तुले परत आणणं म्हणजे पाप, आन तिथं राह्यणं म्हणजे लाज. बायकोच्या नोकरीमांगं गेला, असं ग्यानबापासून साऱ्या स्टँडनं म्हटलं असतं. तीन वर्षं तूच येते, दिवाळीले आन मे महिन्यात. मी एकदाही आलो नाही. सीझन आहे, बाबांचा गुडघा आहे, साऱ्या सबबी खोट्या. तू त्या कवा खोडल्या नाही, हे जास्त टोचते.

पंधरा दिवस झाले, तू फोनवर सांगितलं का रिसोडकडच्या शाळेतले ते कोकणातले गुरुजी आपसी बदलीले तयार आहेत. ते तिकडं, तू इकडं, दोघांच्या सह्या झाल्या का काम झालं. तू पुसलं, सही करू का? आन मी म्हटलं, तुही मर्जी. एवढा वारा होता, तरी हे दोनच शब्द बरोबर पोचले. त्या दिवसापासून तुहा आवाज लहान झाला. तुले वाटलं असन, याले मी नकोच. अवं, वेडी का काय? गाडीचं मांगचं पायदान मी तीन वर्षांत बंद केलं नाही. फाटकाले अडकते, राजू शिव्या देते, तरी उघडंच ठेवतो.

पन मे महिन्यात तू कणीक मळता मळता घड्याळाकडं पाह्यलं आन आपल्याशीच म्हटलं, आता भरती लागली असन. डाळ निवडताना चौदा लेकरांची नावं एका दमात सांगितली, कोन हुशार, कोनाचा बाप बोटीवर गेला, कोनाले 'ळ' म्हणता येत नाही. पहिल्या वर्षी तू म्हणे 'तिथली शाळा', आता म्हणते 'आपली शाळा'. मी हो म्हटलं असतं तं तू आली असती, मले माहीत आहे. आन भरतीसाठी घड्याळ पाह्यत राह्यली असती. 'येऊ नको' हे तं माह्या तोंडून मेल्यावरही निघणार नाही. म्हणून मर्जी म्हटलं. भेकडाचं उत्तर होतं ते.

अजून एक गोष्ट. त्या रविवारी मी ओट्यावर कॉईल वाळवून राह्यलो होतो तं गावातले तिघं येऊन पुसून गेले, आमची पाण्याची मोटार बघाल का? काकू म्हणे, इथे मोटार जळली की थेट तालुक्याला न्यावी लागते, तोवर आम्ही पोहरे ओढतो. खाऱ्या हवेने आमच्या मोटारी लवकर जातात. तवा मी हासून सोडून दिलं. ते हासणं काही माह्या डोक्यातून गेलं नाही.

काल दुपारी जेवताना घरी सांगून टाकलं. बाबा गुडघा चोळाले लागले. मले वाटलं, आई आता ताट सरकवते. तं आई काय म्हणे? म्हणे, तुहे बाबा लाईनमन, त्यायच्या बदलीमांगं मी पाच गावं फिरली, डोक्यावर ट्रंक आन काखेत तू. तवा ही सोजरबाई नवऱ्याच्या मांगं काहून चालली, असं कोनी पुसलं नाही. आता तू एका गावाले चालला तं कोनाच्या बापाचं काय जाते? बाबा उठता उठता एवढंच म्हणे, गाडीचं ऑईल बदलून घेजो. दुकानाले राजू आहे, त्याचा हात माह्यापेक्षा बरा बसला आहे, फक्त अंघोळ लवकर आटपाले सांगा लागन.

म्हणून हे पत्र. आजच स्पीडपोस्टनं टाकतो. या सहा मोटारी बांधून झाल्या का शनिवारी सकाळी निघतो, त्याच रस्त्यानं, बाणकोटवरून काठाकाठानं, मांगची सीट रिकामी घेऊन. मी येईपर्यंत सही करू नको. आधी मले तुही शाळा दाखव, ज्या दारापर्यंत मी तुले सोडाले आलो नाही ते दार दाखव. मंग पायरीवर बसून दोघं मिळून ठरवू. तुले खरंच इकडं यायचं असन तं ट्रंक मी बांधीन. राह्यचं असन तं वाइंडिंगची मशीन कॅरिअरवर बांधूनच आणून राह्यलो, परत न्यायची घाई नाही. तो जुना प्लग मी घरी येताच काढून ठेवला, तीन वर्षं दुकानाच्या खणात आहे, तो तुह्या हातात देतो, मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे. पाठीवर काय लिहिलं होतं तेही तवा सांगजो. आन भरतीची वेळ एका कागदावर लिहून ठेव, यावेळी गाडी वर लावीन. ते जाळंवाले काका भेटले तं त्यायले सांग, तुमचं खरं होतं. उतरलेलं पाणी परत येते. याले जरा तीन वर्षं लागली.

तुहाच, येऊन राह्यलेला,
प्रज्वल