दोन कॉम्प्युटर आणि एक खुर्ची

६ फेब्रुवारी १९८९, सोमवार

मॅनेजर साहेबांनी बोलावून दोन माहितीपत्रकं हातात दिली. "कंपनी को नक्शे बनाने के लिए कॉम्प्युटर लेना है. दो में से एक. तुम देखो और लिखो, नक्शे तो तुम्हारे ही हाथ के हैं." सात वर्षं मी सौंसरच्या या ऑफिसात बसून मँगनीजच्या खाणीचे नकाशे ट्रेस करते आहे. 'लिखो' असं मला आज पहिल्यांदा कोणी म्हणालं!

एक मोठा, टेबलावरचा. एक लॅपटॉप, म्हणजे मांडीवर घेण्याचा. मोठा घेतला तर तो नागपूरच्या हेड ऑफिसात राहील, इथली सारखी जाणारी लाईट त्याला चालणार नाही. सोबत इथला एक माणूस जाईल. "एक ही कुर्सी है. वसंत जाएगा, और कौन!" लॅपटॉप घेतला तर तो इथेच. म्हणजे वसंतही इथेच.

वसंत आमचा सर्व्हेअर. रोज पांढुर्ण्याहून साडेनऊच्या बसने येतो. आमच्याकडे जो तो ज्याला त्याला भाऊ म्हणतो. त्याला वसंतभाऊ म्हणावं लागेल म्हणून मी चार वर्षांत त्याला हाकच मारलेली नाही. "अहो, तो नकाशा—" असं करून वेळ मारून नेते. हे इथेच लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार!

८ फेब्रुवारी

नागपूरला जाऊन आलो, वसंत आणि मी. बस गच्च. लोधीखेड्याला त्याच्याजवळची एक जागा रिकामी झाली. मला बोलावील म्हणून मान उंच करून बसले, तर त्याने एका म्हातारीला बसवलं. मनाने चांगला आहे, मेला!

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या अनिलने मोठ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत एक लांबलचक हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिपांच्या रांगा. हे ग्राफिक्स कार्ड. चित्र काढायचं काम त्याचं, त्याची मेमरीही वेगळी. बिघडलं तर उपसून दुसरं बसवायचं. लॅपटॉपमध्ये अशी वेगळी पाटी नाही. एक छोटी चिप मुख्य पाटीलाच कायमची जोडलेली. मोठ्याची चूल वेगळी, लॅपटॉपचं एकत्र कुटुंब— मी असं वहीत लिहिलं, वसंतने वाकून वाचलं आणि हसला.

मग अनिलने मोठ्यावर आमच्याच खाणीचा नकाशा लावला. आठ सेकंदांत आख्खा नकाशा! सोळा रंगांत! जे रंगवायला मला तीन आठवडे लागतात ते आठ सेकंदांत समोर. वसंत तर खुर्ची सोडेना. "पुष्पाजी, पाहा नं, आपली खाण किती सुंदर दिसून राहिली! हे जर मिळालं नं, तं मी घरीच नाही जात." 

आपली म्हणाला. सगळ्यांची या अर्थाने म्हणाला, मला कळतं. तरी परत येताना रस्ताभर तोच शब्द मनात.

१३ फेब्रुवारी

लॅपटॉप आठ दिवस वापरून पाहायला आला. तोच नकाशा काढायला साडेतीन मिनिटं घेतो, तोवर चहा होतो. रंग नाहीत. निळसर करड्या चार छटा, बस. पण अकराला लाईट गेली आणि हा आपला चालूच! वसंतने तो दोन्ही हातांत धरून खाणीच्या तोंडापर्यंत नेला. सगळे कामगार गोळा झाले. मी लांबून पाहत होते. असाच रोज नेईल, रोज परत आणून माझ्या टेबलावर ठेवील. एवढं मिळालं तरी पुरे झालं की मला!

१४ फेब्रुवारी

एक भानगड आहे. आमच्या नकाशांत चालू खोदकाम लाल आणि बंद पडलेल्या, पाणी भरलेल्या जुन्या गल्ल्या, म्हणजे जमिनीखालचे बोगदे, हिरव्या. जुने ड्राफ्ट्समन भैय्याजी यांनी लावून दिलेली रीत. लॅपटॉपवर लाल आणि हिरवा एकाच छटेचे दिसतात. मी हिरव्यावर तिरप्या रेघा मारल्या. नकाशा मोठा करून पाहिला की रेघा दिसतात. पूर्ण नकाशा लावला की रेघा विरघळतात. नीट डोळे ताणले तर दिसतात. मला तरी दिसतात.

१६ फेब्रुवारी

कच्चा रिपोर्ट लिहिला. "रेघा मारल्यास लॅपटॉप पुरेसा आहे." एका दमात लिहून काढला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

माझा धाकटा भाऊ श्रावण या खाणीतच ड्रिल चालवतो. पाळी संपवून सायकलवर मला घ्यायला आला. गंमत म्हणून लॅपटॉपवर पूर्ण नकाशा लावला आणि म्हटलं, तुझी जागा दाखव.

"हे का, इथं. सोमवारी इकून पुढं फोडून राहिलो आम्ही."

बोट पाण्यावर होतं! चौऱ्याहत्तर सालापासून तुडुंब भरलेली गल्ली. मी त्याचं बोट धरून बाजूला ओढलं.

"काहून वं ताई, काय झालं?"

कपाटातून कापडावरचा रंगीत नकाशा काढून पसरला. त्याने क्षणही घेतला नाही. "हे लाल, हे माझं. हे हिरवं, पाणी. एवढं तं आमच्या पाळीतल्या कवडूलेही समजते, त्याले कुठं वाचता येते!"

वसंत रोज डोळ्यांसमोर असावा म्हणून मी काय लिहून बसले होते! उद्या याच पडद्यावर पाहून कोणी भिंत फोडली असती तर? माझी मलाच किळस आली. सायकलवर मागे बसून घरापर्यंत रडले. श्रावणला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.

१९ फेब्रुवारी

आईला न सांगताच सगळं कळतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "ते लोक आपल्यात सोयरीक करत नाहीत, पोरी. जाऊ दे त्याले नागपूरले. तुलेही सुटल्यावानी होईल."

मला सुटायचंच नाही, आई.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट पक्का केला. वेगळ्या कार्डाचा मोठा कॉम्प्युटरच घ्यावा. लॅपटॉप हाताशी चांगला, वेग कमी, पण खरा दोष रंगाचा. पाणी आणि कोरडी जागा त्यावर एक दिसते. श्रावणचं बोट कुठे गेलं तेही लिहिलं.

वसंतने उभ्या उभ्याच वाचला. सर्व्हेअरचा शेरा लावून त्यालाच तो नागपूरला पाठवायचा होता. कागद टेबलावर टेकवून शेरा लिहायला घेतला. मग एकदम विचारलं, "पुष्पाजी, तुम्हाले नागपूर आवडते का?"

मला रागच आला. स्वतःला जायची घाई, आणि वर मला विचारतो! "कोणाला आवडत नाही!" म्हटलं, आणि ब्रश धुवायला निघून गेले. तो जाणार म्हणून ते शहर आवडतं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

२८ फेब्रुवारी

पांढुर्ण्याची बस आज दहाला आली. आला. अजून किती दिवस येणार आहे, कोण जाणे.

९ मार्च

मोठा मंजूर झाला. साहेबांनी बोलावून मंजुरीचा कागद दाखवला, खाली वसंतचा शेरा जोडलेला. 'नागपूरसाठी माणूस' यापुढे त्याने आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते खोडून त्याच अक्षरात माझं लिहिलं आहे.