नाव घातलेले रॉड

९ जानेवारी १९९९, शनिवार
काल सायली म्हणाली, आत्या, तू असं बोललीच नव्हतीस. मी बोलले होते. पण पुरावा नाही आणि वादात हरायची मला सवय नाही. म्हणून आजपासून लिहून ठेवणार.

विषय यांच्या जुन्या आठशे सीसी गाडीचा. हे गेल्यापासून अंगणात उभी आहे. सायली, माझी भाची, मेकॅनिकल इंजिनियर. ३१ तारखेला देवळालीच्या पुढच्या माळावर शर्यत आहे, तिथे तिला ती पळवायची आहे. लगेच नंतर बंगलोरची नोकरी, म्हणजे ही एकच संधी. गेल्या वर्षी दुसऱ्याची गाडी घेऊन उतरली आणि शेवटची आली. लासलगावचा महेश, तोही शर्यतीतलाच, सगळ्यांसमोर म्हणाला, ताई, गाडी चालवता की गच्चीवर पापड वाळत घालता? ते तिच्या मनात आहे. माझ्या तर जास्तच आहे.

उपाय : इंजिनातले तीन कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, बदलायचे. स्टीलचे काढून ॲल्युमिनियमचे. हलके, म्हणून इंजिन चटकन वेग घेतं.

संकल्प : मी फक्त देखरेख करणार. हात लावणार नाही.

१२ जानेवारी
डिसेंबरात बनवायला टाकलेले रॉड अंबडच्या वर्कशॉपमधून आले. देखणे आहेत. देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. सायलीने ते पुसून काढलं.

तिचे दोन नियम. प्रत्येक रॉडला खाली स्वतःची टोपी असते, तिची अदलाबदल नको. पेनने खूण कर म्हणाली. दुसरं, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडता कामा नये. ओरखडा पडला की रॉड तिथूनच तुटतो आणि इंजिन फोडून बाहेर येतो. मी म्हटलं, मी एकसष्टची बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. मला एकदा सांगितलं की पुरे.

१७ जानेवारी, रविवार
सातपूरला नाथाच्या गॅरेजमध्ये जोडणी करून पाहिली. नाथा माझा विद्यार्थी. नववीत सायन्समध्ये पास झाला, त्यातले चार मार्क माझ्या दयेचे.

नवे रॉड जाड. फिरताना इंजिनच्या आतल्या भिंतीला घासायला लागले. मला वाटलंच होतं. (बोलले नव्हते, पण वाटलं होतं.) सायलीने भिंत घासून जागा केली.

ॲल्युमिनियम तापलं की स्टीलपेक्षा जास्त वाढतं, म्हणून पिस्टनच्या वर गॅप जास्त ठेवायची. प्रसरण मी जन्मभर शिकवलं. भिंतीवर खडूने गणित सोडवून दाखवलं. नाथा म्हणाला, बाई, एवढ्या गॅपमध्ये मांजर बसेल. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. खडू भुसभुशीत होता.

संकल्प : यापुढे फक्त चहाची व्यवस्था.

२१ जानेवारी
सायली कागदपत्रांसाठी पुण्याला. जाताना म्हणाली, तिन्ही रॉडचं वजन सारखं हवं, आल्यावर बघू. आल्यावर कशाला? नाथाचा काटा मला पसंत नाही. रॉड मऊ पंचात गुंडाळले, ओरखडा नको म्हणून, आणि सराफ बाजार गाठला. सराफाने चष्मा वर करून विचारलं, हे मोडीत द्यायचंय का? तरी तोलून दिलं. फरक जेमतेम गुंजभर. मी असताना काम असं होतं.

तिथूनच भांडी बाजार. रविवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाच्या वाणासाठी वाट्या घेतल्या. नाव घालणारा मशीन घेऊन बसलाच होता. माझा पेनवर विश्वास नाही. वन्संच्या लग्नात आमचं पातेलं बदललं गेलं, ते अजून मिळालेलं नाही. तिन्ही रॉडवर घालून घेतलं : चि. सायलीस आत्याकडून, संक्रांत १९९९. रॉडवर आणि टोपीवर नंबर. अक्षर सुबक, चांगलं खोल. आता काय बिशाद आहे बदलायची.

पुन्हा पंचात गुंडाळले.

२३ जानेवारी
सायली आली. पंचा उघडला. टूलबॉक्सवर बसून तिन्ही रॉड वाचले. मग म्हणाली, आत्या, अक्षर छान आहे.

नाथा आतल्या खोलीत गेला. खोकल्यासारखा आवाज येत होता.

मी म्हटलं, तू ओरखडा म्हणाली होतीस, अक्षर म्हणाली नव्हतीस. वही काढून १२ तारखेची नोंद वाचून दाखवली. शेवटची ओळ वाचली नाही.

नवे रॉड बनायला तीन आठवडे लागतात. जुने स्टीलचे परत बसणार. सायली म्हणाली, हळू पळेल, पण पळेल. तिने तोंड फिरवून डोळे पुसले. पेट्रोलच्या वासाने असेल, मला होतं तसं.

२४ जानेवारी, रथसप्तमी
घरी आणलेले रॉड वाणाच्या टेबलावर राहिले होते. शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या, यंदा वाण जड आहे हो. एक पिशवीत टाकून निघाल्या होत्या. नाव वाचून परत ठेवला.

२८ जानेवारी
गाडी चालू. गॅरेजला गेले नाही. चहा पाठवला.

३१ जानेवारी, रविवार
पहिला देवळाली कॅम्पातला एक कॅप्टन. दुसरी सायली. तिसरा महेश, एका वळणाने मागे. वळणावर ती ब्रेक लावतच नव्हती. मी डोळे मिटले होते, नाथाने सांगितलं.

महेश हात मिळवायला आला. सायली म्हणाली, महेशभाऊ, पापड वाळले. गोळा करायला या. तो हसला. मी हसले नाही. घरी येऊन हसले.

स्टीलच का वापरलं, असं कॅप्टनने विचारलं. सायली म्हणाली, आत्याचा निर्णय. लिहून ठेवलं पाहिजे.

३ फेब्रुवारी
सायलीला बंगलोरच्या गाडीत बसवून आले. सायलीच्या हवाली : तिळाच्या लाडवांचा डबा, नाव घातलेला. रॉड मी तिच्या बॅगेत ठेवले होते. तिने खिडकीतून परत दिले. म्हणाली, आत्या, हे तुझ्याकडेच शोभतात.

माझ्या हवाली : ॲल्युमिनियमचे तीन रॉड, टोप्यांसकट. नंबर ताडून पाहिले. एकाचीही टोपी बदललेली नाही.