राणीचा टब

५ ऑक्टोबर
अमेरिकेत, हर्नडनला पोचले. नवी नोकरी, ऑफिस दहा मिनिटांवर, शोभनाकाकूंच्या घरात वरची खोली, खिडकीत लालभडक मेपल. काकूंनी आल्याआल्या साबुदाण्याची खिचडी दिली आणि मग बेसमेंट दाखवलं. तिथे दोन ब्लड पायथन, म्हणजे बुटक्या जाड अजगराची जात, काकूंचे यजमान सुमंतकाकांनी पाळलेले. काका मार्चमध्ये गेले. उद्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला निघतील. महिनाभर सापांचं मी बघायचं. मला सापांची भीती वाटत नाही, म्हणूनच खोली मिळाली असावी.

७ ऑक्टोबर
काकांच्या वहीत सगळ्यांचे फोटो आहेत. जाडजूड अंग, आखूड शेपटी. माणिक विटकरी, काजळ जवळपास काळी. डोकं दिवसभरात फिकं-गडद होतं, म्हणून रंगावर जायचं नाही, खुणा बघायच्या, असं काकांनी लिहिलंय. पाणी बदललं, साप ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टबांत पाण्याचा फवारा मारला. माणिकने दमलेल्या माणसासारखा मोठा सुस्कारा सोडला. हसूच आलं.
तिसरा टब रिकामा. राणीचा. काकांमागोमाग आठवड्यात तीही मेली. काकूंनी तिला मागच्या अंगणात पुरलं.

१३ ऑक्टोबर
गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात ठेवून दोघांना दिले. राणीच्या टबाखालचा ऊब देणारा हीट पॅड चालू होता. मी लावलेला नाही. बंद केला.

१५ ऑक्टोबर
पुन्हा चालू. आणि वाडग्यात ताजं पाणी.

१६ ऑक्टोबर, सकाळ
राणीच्या टबात साप आहे. माणिक, काजळ आपापल्या जागी. वही उघडून तीनदा ताडून पाहिलं. डोळ्यामागची तुटकी रेघ, शेपटीचं टोक गेलेलं. राणीच. अंगभर माती.
अंगणात जाऊन आले. खड्डा उघडा — आतून उकरल्यासारखा.

दुपार
काकूंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नेत्रा, ती एकटीच आलीय का गं?"
काकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींचा कलश त्याच खड्ड्यात ठेवला होता म्हणे. बघून ये म्हणाल्या.

चार वाजता
कलश सापडला. आडवा. रिकामा. वर खोलीत येऊन काकूंना कळवलं; म्हणतात, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. टॅक्सी यायला सहा मिनिटं. बेसमेंटचं दार उघडं — मी लावलं होतं — आणि बाहेर जायचं तर त्याच्यासमोरूनच —

खालून पुरुषाची हाक येतेय. शांत, घरच्या माणसासारखी. नेत्रा, जरा खाली ये म्हणतोय. राणी जड झालीय, एकट्याला उचलत नाही, तू फक्त शेपटीकडून —

पायऱ्या वाजतायत. म्हणतोय, असू दे, आम्हीच वर