खाचरांची वही

७८६
भोर, दि. ३ फेब्रुवारी २००६

ती. शाहिस्ता आपास,
इरफानचा सलाम. वि. वि.

मोबाईल असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मला उत्तरं सुचत नाहीत, म्हणून. गुलनाज आणि मुलं मजेत आहेत. दुकान मात्र चार दिवस बंदच म्हण. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर आतून कटकट आवाज आला आणि पडदा काळा. ऐन लग्नसराईत सगळ्या पत्रिका आत अडकून पडल्या.

पत्रिकांचं मी निभावून नेईन. पण अब्बांच्या वहीचं कामही त्यातच होतं. गुंजवण्यात तीस वर्षं मास्तरकी करताना त्यांनी घरोघर बसून लिहून घेतलेली खाचरांची नावं, कुठलं खाचर कुणाचं, नाव कसं पडलं, सगळं मी टाइप करून ठेवलं होतं. छापायचं तेवढं राहिलं. आता ती खाचरं धरणाखाली आणि माझं टायपिंग कॉम्प्युटरखाली. तू अब्बांकडून वही पुन्हा मागून घे. मी सगळं नव्यानं करतो. मागायला मला लाज वाटते आणि तुझा शब्द ते मोडत नाहीत.

दाजींना सलाम, पिल्लांना पापा. या बातमीनंतरही लोभ पूर्वीइतकाच राहू दे.

तुझा,
इरफान


शिवरे, दि. ९ फेब्रुवारी २००६

चि. इरफान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. लहानपणी माठ फोडून माझ्या ओढणीमागं लपायचास, अजून तसाच आहेस. पण या वेळी मी तरी काय करू? वही आता नाही रे.

२००४ च्या रमजान ईदला काम झालं म्हणून तू वही परत दिलीस. तिची पानं सुटत होती, कडेनं वाळवी लागली होती. पहिल्या पानावर बिस्मिल्लाह लिहिलेलं, म्हणजे रद्दीत घालता येईना की चुलीत. सगळं इरफानच्या कॉम्प्युटरात सुखरूप आहे म्हणून अब्बांनी गेल्या पावसाळ्यानंतर ती पांढऱ्या फडक्यात दगड घालून बांधली आणि धरणाच्या पाण्यात सोडली. मी सोबत होते. जिथली नावं तिथं पोचली, एवढंच म्हणाले आणि वाटेत माझ्याकडून चहा मागून प्यायले. इतके निवांत मी त्यांना अम्मी गेल्यापासून पाहिले नव्हते. तुला त्यांनीच सांगायचं म्हणून मी बोलले नाही.

त्यांना मी काही कळवणार नाही. हे म्हणतात, बिघडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणारा एक माणूस पुण्यात आहे. गॅरेजचे पार्ट आणायला हे जातातच, तर डिस्क काढून ठेव. आणि घाई कर, कारण १२ मार्चला रविवारी अब्बांनी रखमाजी, फुलाबाई आणि धरणामुळं उठून गेलेल्या सगळ्यांना गुंजवण्याला बोलावलंय. नावं वाचून दाखवणार आहेत. पोरानं दोन महिने डोळे फोडून काम केलं, असं ते एस.टी.त अनोळखी माणसालाही सांगतात. मीही सासरी हेच सांगत असते.

तब्येतीला जप. माया आहे, ती काही डिस्कवर नाही.

तुझी,
आपा


७८६
भोर, दि. २० फेब्रुवारी २००६

ती. आपास,
सलाम. वि. वि.

मी पंचायतीत गेलो असताना दाजी आले आणि स्वतःच स्क्रू काढून डिस्क घेऊन गेले. गुलनाजनं त्यांना वर पोहे खायला घातले. मला विचारायचं तरी होतं! जुनी डिस्क आहे, धूळ खाल्लेली. आतली तबकडीच खरचटली असेल तर कुणाच्या बापालाही काही मिळायचं नाही. दाजींचे खेटे वाचव आणि ती परत आण.

आणि वही पाण्यात सोडली हे मला कुणी कळवू नये? मी काय परका? अब्बांनी एकदा विचारलं असतं तर मी थांबवलं असतं. रागानं लिहितोय, माफ कर. झोप नीट लागत नाही. त्या रविवारचं काहीतरी कारण सांगून पुढं ढकलता येईल का, बघ.

लोभ कमी करू नकोस.

इरफान


शिवरे, दि. २ मार्च २००६

चि. इरफान यास,
आशीर्वाद. वि. वि.

डिस्क बोलली. पुण्याचा माणूस हुशार निघाला. त्यानं यांना सांगितलं, की आपण टाइप करत असताना कॉम्प्युटर मागच्या मागं स्वतःसाठी नक्कल ठेवत जातो. आपण पुसलं तरी ती कुठंतरी राहते. तसं सगळं बाहेर आलं. सहाशे लग्नपत्रिका, उत्रोलीच्या सप्त्याचं हँडबिल, तुझे पत्त्यांचे डाव, तू पुसलेलं दुकानाच्या कर्जाचं पत्रसुद्धा.

आणि अब्बांच्या वहीची नऊ पानं. शेवटचं काम केल्याची तारीख २० ऑक्टोबर २००४. वही दीडशेच्या वर पानांची होती.

यांनी त्याला म्हटलं, अजून शोधा, बाकीचं राहिलं असेल. तीन वेळा म्हटलं. शेवटी तो म्हणाला, की साहेब, लिहिलेलं सगळं मिळालंय, न लिहिलेलं मी कुठून काढू. हे घरी येऊन जेवले नाहीत. सासरी मी तुझी किती टिमकी वाजवली होती ते आठवून मला त्यांच्याकडं बघवेना. तुझ्या खोट्यानं अब्बांनी ती वही बुडवली, इरफान. माझ्या डोळ्यांदेखत बुडवली आणि मी वर फडक्याची गाठ घट्ट केली.

मी सांगणार नाही. माझ्या ओढणीमागं आता जागा नाही. रविवारच्या आधी तू जा.

आपा


७८६
गुंजवणे, दि. १५ मार्च २००६

ती. आपास,
सलाम. वि. वि.

शनिवारी संध्याकाळी आलो. अब्बा अंगणात सतरंज्या झटकत होते. सगळं सांगितलं. कंटाळा आला होता, पत्रिकांची कामं होती, ईदला त्यांनी आशेनं विचारलं तेव्हा तोंडातून झालं असं निघून गेलं आणि मग ते परत घेता येईना. मारतील असं वाटलं. त्यांनी हातातली सतरंजी घडी करून ठेवली आणि नमाजाला गेले.

रविवारी पन्नासेक माणसं आली. अब्बा उभे राहिले आणि सांगितलं, की म्हातारपणी माझी बुद्धी फिरली, नक्कल झाली नसताना वही मीच पाण्यात टाकली, मला माफ करा. आपा, ज्यांनी पोरांना पाटीवर खोटा हिशेबसुद्धा लिहू दिला नाही, त्यांनी माझ्यासाठी पन्नास माणसांत खोटं सांगितलं. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. रखमाजी तेवढा उठून गेला.

काल नवी वही घेऊन फुलाबाईकडं गेलो. मास्तर विसरले म्हणून पोरगा दारोदार फिरतोय, लई गुणाचा हाय, असं ती सुनेला सांगायला लागली. ते मात्र सोसवलं नाही. खरं काय ते तिला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग लिव म्हणाली.

तिची तीन खाचरं होती. एकाचं नाव जांभळीचं, दुसऱ्याचं दोघा भावांचं. तिसऱ्याचं आठवेना. कपाळाला हात लावून बसली, सुनेला विचारलं, देवाचं नाव घेतलं, तरी येईना. मास्तरांपाशी लिहून ठिवलं व्हतं म्हणून म्या ध्यानात ठिवलं न्हाई, असं म्हणाली आणि माझ्याकडं बघितलंच नाही.

वहीत तिसरी ओळ रिकामी सोडली आहे. आज रखमाजीच्या दारात जातो. तिथंही आधी माझं सांगेन, मग नाव विचारेन. काल संध्याकाळी अब्बा वही मागून घेऊन त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
इरफान