टायर फाडणाऱ्या मशीनवरचे नाव

९ नोव्हेंबर १९८६

टायर उडाला! ट्रकचा अख्खा टायर — मशीनच्या पत्र्याच्या तोंडातून उसळला, वर्कशॉपच्या छपराला धडकला आणि माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर पडला. हेमंत पळाला. सख्खा भाचा, पण आत्याला हाक मारायचेही सुचले नाही.

एवढे झाल्यावर तरी शहाणपण यावे! गुणवंता मिस्त्री म्हणतो, "पट्टा ढिला होता, बाई. अजून जोरात फिरवतो." अजून जोरात! हा माणूस तीस वर्षे पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये फिटर होता. त्याला वाटते, जगातली प्रत्येक मशीन कापसासाठीच जन्माला आली. कापूस वेगापुढे वाकतो. टायर उलटून मारतो.

नागपूरचे भैय्याजी जुन्या रबराचा व्यवसाय करतात. त्यांना टायरचे तुकडे करणारी मशीन हवी आहे. जमली तर हेमंतचे वर्कशॉप चालेल. कापसाच्या जिनच्या दुरुस्तीवर आता कुणाचे भागत नाही.

१० नोव्हेंबर

सांगून टाकले — आराखडा मी काढते. सौंसरच्या मुलींना एकतीस वर्षे गणित शिकवले आहे, गिअरचे गुणोत्तर मला काढता येते.

हेमंत हसला. "आत्या, हे काही पुस्तकातलं नाही."

"पुस्तकातलं असतं तर तुला आलं असतं का? मॅट्रिकच्या गणिताला तीनदा कोण बसलं होतं?"

माझी अट एकच. मशीनवर पितळी पाटी लागते, तिच्यावर माझे नाव हवे. म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते मी साठ वर्षे बघते आहे.

१८ नोव्हेंबर

आराखडा झाला. दोन शाफ्ट शेजारी शेजारी, एकमेकांकडे फिरणारे. प्रत्येकावर बारा जाड चकत्या, दोन चकत्यांमध्ये तेवढ्याच रुंदीची फट. एका शाफ्टची चकती दुसऱ्याच्या फटीत शिरते, जेमतेम कागद जाईल एवढे अंतर ठेवून. चकतीच्या कडेला तीन वाकडी नखे. नख टायर आत ओढते, चकत्यांच्या धारा त्याला कात्रीसारख्या कापतात. वेग — मिनिटाला अठरा फेरे, बस्स!

गुणवंताने कागद उजेडाकडे धरला. "अठरा? एवढ्या वेळात तं म्हैस रवंथ करते, बाई."

"मला म्हैसच हवी आहे."

रेघा सुरेख आल्या आहेत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टीची धार बोटांवर मारत. राग अजून आहे, पण रेघ सरळ येते.

२ डिसेंबर

सौंसरकडच्या एका बंद खाणीतल्या, डबे वर ओढणाऱ्या विंचचा गिअरबॉक्स मिळाला. तेल डांबरासारखे, आतून मात्र ठणठणीत. मोटर धावेल, शाफ्ट सावकाश फिरतील, जोर दुणावत जाईल. नखांसाठी गुणवंताने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या कमानपट्ट्या कापल्या. लालभडक करून तेलात बुडवल्या, मग कानस घासून दाखवली. कानस घसरली, ओरखडा नाही! कौतुक करणार होते, केले नाही.

तो हेमंतला म्हणाला, "बाई काही बोलल्या नाही, म्हंजे पास झालो."

१४ डिसेंबर

हेमंत आज खरे बोलला. "आत्या, बाईचं नाव वाचून गिऱ्हाईक मशीन घेईल का? लोक हसतील."

आराखडा गुंडाळला, घरी आणला, कपाटात कुलूपबंद केला. दोन शाफ्ट जोडणारे मधले गिअर अजून कापायचे आहेत. कापा म्हणावे आता, हसणाऱ्या लोकांना विचारून!

१६ डिसेंबर

हेमंत पिशवीभर संत्री घेऊन आला. संत्री ठेवून घेतली. आराखडा दिला नाही.

१७ डिसेंबर

आज गुणवंता आला. चपला पायरीखाली काढल्या, आत यायला तयार नाही. "हेमंतभाऊले मी सांगतलं, ज्याचा कागद त्याचं नाव. त्यायनं हो म्हटलं. द्या नं बाई, शाफ्ट तसेच पडून राहिले."

दिला. पण हेमंतकडून आधी लिहून घेतले, सहीसकट. माझ्या विद्यार्थिनींवर मी एवढा अविश्वास कधी दाखवला नाही. त्यांनी तशी वेळही आणली नाही.

७ जानेवारी १९८७

ताप. वर्कशॉपला जाणे नाही. पितळी पाटी मात्र तयार होऊन आली. हेमंतची बायको अलका दाखवून गेली. 'रचना — कु. प्रेमलता खोडे'. अक्षरे ठसठशीत. ताप उतरल्यासारखा वाटला.

२५ जानेवारी

चालली! चालली!!

टायरच्या तोंडाशी जाड तारेचे कडे असते. ते हुक लावून आधीच उपसले, नाहीतर तार शाफ्टला गुंडाळते. मग टायर आत टाकला. क्षणभर नुसता डुगडुगला. मग एका नखाने कड धरली आणि कर्रर्र करत तो आत जायला लागला. खाली तळहाताएवढे तुकडे. एकदा अडकला. गुणवंताने शाफ्ट उलटे फिरवले, दोन फेरे मागे, पुन्हा पुढे — गेला!

भैय्याजींनी तुकडा उचलून वाकवून पाहिला. "बनवली कोणी?"

हेमंतला अचानक जमिनीवर काहीतरी दिसले. मी म्हटले, "मी."

"माताजी, मजाक करून राहिल्या काय?"

गुणवंताने पाटीवर बोट ठेवले. "वाचा नं जी."

त्यांनी वाचले. मोठ्याने वाचायला लावले मी!

२ फेब्रुवारी

मशीन ट्रकवर चढली, नागपूरला गेली. पाटी उन्हात चमकत होती. हेमंत हसला नाही. कुणीच हसले नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी वर्कशॉपला गेले. गुणवंता दोन शाफ्ट जोडणाऱ्या गिअरची जास्तीची जोडी कापून बसला होता. सवयीने दात मोजले. एकाला एकोणीस. दुसऱ्याला तेवीस! मी कागदावर दोन्हींना एकवीस काढले होते. दोन्ही शाफ्ट सारखे फिरावेत म्हणून.

सगळ्यांसमोर झाडले. "एवढी वर्षे काय केलंस? मोजताही येत नाही?"

तो चिंधीने हात पुसत राहिला. हेमंत मध्ये आला. "आत्या, थांब. नागपूरला गेली तिच्यातही हेच आहेत."

मी तापात होते तेव्हा त्यांनी माझे एकवीस-एकवीस लावून पाहिले होते. टायर धरला गेला, दाबला गेला, फाटेना. तुकडे नखांना चिकटून गोल गोल फिरत. गुणवंताने दोन नवे गिअर कापले. एक शाफ्ट अठरा फेरे, दुसरा पंधरा. एकोणीस आणि तेवीस, बेरीज बेचाळीसच. त्यामुळे शाफ्टमधले अंतर बदलावे लागले नाही आणि बाहेरून काही दिसले नाही.

"तुला कसं सुचलं?"

"फडकं फाडतांनी दोन्ही हात सारखे नाही ओढत, बाई. एक हात धरते, एक ओढते."

आराखडा मागितला आणि दोन्ही एकवीस माझ्या हाताने खोडले.

१२ फेब्रुवारी

नागपूर पॅसेंजरमध्ये लिहिते आहे. समोर गुणवंता, यायला तयार नव्हता. विचारले, तेव्हाच का नाही सांगितलेस? खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुमची पाटी बनून आली होती नं जी."

पिशवीत छिन्नी आणि हातोडी आहे. पाटीवर माझ्या नावाच्या वर दोन बोटे जागा आहे, अजून एका नावापुरती. हेमंतला विचारलेले नाही. भैय्याजींनाही नाही.