कानबाईचा सर्व्हर

१२ ऑगस्ट १९९९, धुळे
आज निर्णय घेतला. समोरच्या झुंबरअक्कांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. माडीवरून उतरायचं नाही, डॉक्टरांची ताकीद. आणि पुढच्या रविवारी कानबाई, आम्हा खान्देशींची श्रावणातली देवी, आमच्याकडे बसणार. गल्लीत कानबाईची गाणी अक्काच सांगतात. त्या एक ओळ सांगणार, बायका ती उचलणार, मग पुढची. यंदा सुगंधाबाईंना सांगायला बसवू, असं बायकांचं ठरतंय. तेव्हापासून अक्का नीट जेवत नाहीत. एकदा जागा गेली की गेली, म्हणतात.
मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. शब्द दिला: तुम्ही खाटेवर बसून गा, आमच्या पुढच्या खोलीत ऐकू येईल. आवाज पाठवणारा सर्व्हर त्यांच्याकडे, तो घेणारा क्लायंट आमच्याकडे. किरकोळ काम.

१४ ऑगस्ट
मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत सॉफ्टवेअर सापडलं. क्लासचे दोन पीसी आणले. मालकांना सांगितलं, सर्व्हिसिंग. गल्लीवरून केबल टाकली. कुंदाने तिच्यावर टॉवेल वाळत घातले. बायकोला नेटवर्किंग शिकवणं हा वेगळा कोर्स आहे.

१७ ऑगस्ट
सर्व्हरला क्लायंट दिसतो, क्लायंटला सर्व्हर दिसत नाही. सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल. मॅन्युअल वाचणार नाही. ते शिकाऊ लोकांसाठी असतं.

१९ ऑगस्ट
आवाज आला. धुळ्याच्या इतिहासात नोंद व्हावी. फक्त जरा उशिरा पोचतो. याला बफरिंग म्हणतात. आवाज आधी साठवायचा, मग सोडायचा, म्हणजे तुटत नाही.
चाचणी घेतली. अक्कांनी ओळ सांगितली. इकडे बायका गप्प, कारण ओळ अजून वाटेत. कोणी उचलत नाही म्हणून अक्कांनी तीच पुन्हा सांगितली. तोवर पहिली पोचली, बायकांनी उचलली, तर मागून परत तीच आली. अर्धा तास गाणं एका ओळीवर. शेवटी अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुनं मशीन मनं गानं खाई गयं."
जुन्या पिढीला बफरिंगची कदर नाही.

२० ऑगस्ट
दोष सापडला. खिडक्या बंद करूनही बायकांचा आवाज पलीकडे अक्कांच्या खोलीत सरळ ऐकू जातो. त्याने माइक बिघडतो. दोन्हीकडच्या खिडक्यांना गाद्या बांधल्या. आपण कशावर झोपायचं, असं कुंदाने विचारलं. संशोधनात घरच्यांना थोडं सोसावं लागतं.

२१ ऑगस्ट
अक्का घामाघूम. सुगंधा सराव करते का, विचारलं. नाही म्हणालो. करत होत्या, आमच्याच खोलीत, आणि चांगलं गात होत्या. दुपारी पुन्हा चाचणी. एकच ओळ, पण आवाज स्वच्छ. प्रगती आहे.

२२ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. खोली बायकांनी भरली. मी माडीवर अक्कांपाशी, सर्व्हर सांभाळत. अक्कांनी नवं लुगडं नेसलेलं. पहिली ओळ सांगितली आणि लाइट गेली.
सर्व्हर बंद. पंखा बंद. अक्का म्हणाल्या, "खिडकी उघड रे भो, जीव गुदमरी ऱ्हायना." गादी सोडली. समोर कुंदानेही सोडली. अक्कांनी ओळ पुन्हा सांगितली. गल्ली ओलांडून बायकांनी ती लगेच उचलली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. सुगंधाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा, पण अक्कांच्या मागून. गाणं शेवटपर्यंत गेलं.
अक्का रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गादीतला कापूस असावा.
मी पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होतो. तांत्रिकदृष्ट्या हे कूलिंग.

२३ ऑगस्ट
विसर्जन झाल्यावर अक्कांकडे कानबाईच्या प्रसादाचा रोट घेऊन गेलो. माडीवर सगळ्या बायका जमलेल्या, सुगंधाबाई अक्कांचा धड पाय चेपत होत्या. काल गाणं इतकं झकास कसं झालं, कोणीतरी विचारलं. शेवटच्या क्षणी सेटिंग बदललं, मी सांगितलं.
अक्कांनी रोटाचा घास चावून संपवला. मग शांतपणे विचारलं, "तुनं मशीन लाइट नही तरी चालस का भाऊ?"
बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पीसी उचलला आणि जिना उतरलो.