दुसऱ्या नंबरची वाट

३ डिसेंबर
आज पहिल्यांदा राउटर माझ्या एकटीच्या हाती! गेवराईचं नेट बाहेर जायला दोन वाटा — एक फायबरची, एक टॉवरची. ज्या वाटेचा आकडा लहान तिचा मान मोठा. फायबरला एक दिला, टॉवरला दहा. फायबर पडलं तरच टॉवरला काम.

आई-आप्पा ऊसतोडीला निघाले तेव्हा आईने मुकादमाला असंच सांगितलं होतं, "काय झालं तर आधी सुरजला फोन लावायचा. त्यानं न्हाई उचलला तरच हिला." भाऊ सुरज पुण्यात कंपनीत, मी इथेच. म्हणजे घरात मी टॉवरच.

९ डिसेंबर
फजिती झाली. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं, पण लांब. आपल्या खांबापर्यंतची तार शाबूत, म्हणून राउटर समजला वाट चालू आहे. दुपारभर लोकांचं नेट बंद आणि टॉवर नुसता बसून.

मालक अमरसिंहभाऊ म्हणाले, "जवळचा दिवा काय बघती? पलीकडून उत्तर येतंय का ते बघत जा की." तशी सोय केली. आता पलीकडून उत्तर नाही आलं की वाट आपोआप बदलेल. हे आधीच सुचायला हवं होतं. घरी येऊन रडले.

१४ डिसेंबर
आईला ताप आहे, हे सुरजकडून कळलं! मी फोन केला तर म्हणते, "बरी हाय. तू कामाकडं ध्यान दे." लई राग आला.

१९ डिसेंबर
आई गेली.

२३ डिसेंबर
त्या दिवशी सकाळी आई फडात चक्कर येऊन पडली. बोलत होती म्हणे. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, मोठ्या दवाखान्यात न्या. आप्पा म्हणाले, "पोराला इचारल्याबिगर कसं न्यावं?"

सुरजचा फोन खोलीवर वाजत होता, कंपनीत आत नेऊ देत नाहीत. रिंग जाते म्हणून आप्पा तोच नंबर लावत बसले. त्याने उचलला तेव्हा ऊन उतरलं होतं.

मी काय सांगितलं असतं? आत्ताच्या आत्ता न्या, एवढंच. माझा फोन दिवसभर टेबलावर गप्प पडून होता.

३ जानेवारी
आज आप्पांना विचारलंच, मला का नाही लावला. म्हणाले,

"तिनंच माझा हात धरला. म्हणली, करिष्माला लावू नका. ती नोकरी सोडून येईल, अन् मग माझा कोयता तिच्या हातात जाईल."